जहाजं मोठी झाली, मग जालन्याचा कंटेनर मागे का राहतो?

प्रश्न जालन्याच्या एका तरुण उद्योजकाचा आहे. ते शेती यंत्रांचे सुटे भाग बनवतात आणि महिन्याला दोन-तीन कंटेनर न्हावा शेव्यातून युरोपला आणि पूर्व आफ्रिकेला पाठवतात. त्यांनी विचारलंय: "केरळात विझिंजमला चोवीस हजार कंटेनरचं जहाज लागल्याचे व्हिडिओ पाहिले तेव्हा वाटलं, आता भाडं उतरणार. पण त्यानंतर माझा माल दोनदा रोल ओव्हर झाला, म्हणजे ठरलेल्या जहाजावर न चढता पुढच्यावर ढकलला गेला, वर गाडी उभी राहिल्याचं हॉल्टिंग भरावं लागलं. जहाजं मोठी होण्यात समुद्रापासून चारशे किलोमीटर आत बसलेल्या आपल्यासारख्यांचा फायदा आहे की तोटा? वाढवण बंदर झाल्यावर काही बदलेल का?"

मी वाळूजमधून सव्वीस वर्षं क्लिअरिंग-फॉरवर्डिंगचं काम करतो. जहाजं एवढी मोठी झाली तरी कंटेनर मागे कसा राहतो, हे तुम्हाला कोडं वाटतंय. माझ्या मते तुमचा कंटेनर बऱ्याच अंशी जहाजं मोठी झाल्यामुळेच मागे राहिला. कसा ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

जहाजाचं माप टीईयूत मोजतात. वीस फुटी कंटेनर म्हणजे एक टीईयू, चाळीस फुटी म्हणजे दोन. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाने 'आयडियल एक्स' नावाच्या जुन्या तेलवाहू जहाजाच्या डेकवर ५८ कंटेनर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. तिथून हा धंदा सुरू झाला. पुढची तीसेक वर्षं जहाजाची रुंदी पनामा कालव्याने ठरवली. जुन्या कालव्यातून ३२ मीटरच्या थोडं वर रुंदीचं जहाज जायचं. कंटेनर आठ फूट, म्हणजे २.४४ मीटर रुंद. भागाकार करून बघा, शेजारी-शेजारी तेराच बसतात. त्यामुळे जहाज लांब होत गेलं, तरी साडेचार-पाच हजार टीईयूच्या आसपास येऊन थांबायचं. १९८८ मध्ये एका अमेरिकन कंपनीने पनामाचा नाद सोडून ३९ मीटर रुंदीची जहाजं बांधली आणि बांध फुटला.

मग १९९६ मध्ये सहा हजार टीईयूचा टप्पा ओलांडला गेला. २००६ मध्ये 'एमा मर्स्क' आलं, ३९७ मीटर लांब. कंपनीने त्याची क्षमता ११ हजार जाहीर केली होती, प्रत्यक्षात ते पंधरा हजारांच्या घरात होतं. २०१३ मध्ये १८,२७० टीईयूचं जहाज आलं, २०१७ मध्ये २१ हजारांच्या वरचं, २०१९ मध्ये २३,७५६ चं. तुम्ही विझिंजमच्या व्हिडिओत पाहिलं ते 'एमएससी इरिना' २०२३ चं आहे. २४,३४६ टीईयू, ३९९.९ मीटर लांब, ६१ मीटर रुंद. जून २०२५ मध्ये ते तिथे लागलं.

यातली एक गोष्ट नीट बघा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. २००६ ते २०२३ या सतरा वर्षांत लांबी वाढली जेमतेम तीन मीटर. ३९७ ची ४०० झाली, बस. माल मात्र दीडपटीच्या वर गेला. ही वाढ सगळी रुंदीत आणि उंचीत झाली. शेजारी-शेजारी बावीस होते ते चोवीस झाले, डेकवरचे थर वाढले, पोट फुगलं.

याचा अर्थ धक्क्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. जहाजाच्या बाजूने क्रेन लावायच्या तर त्या लांबीतच लावता येतात. लांबी तेवढीच राहिली, म्हणजे क्रेनची संख्याही जवळपास तेवढीच. पण प्रत्येक क्रेनच्या पुढ्यातला माल दीडपट झाला. शिवाय क्रेनच्या ट्रॉलीला आता बाविसाव्या-चोविसाव्या रांगेपर्यंत जाऊन परत यायचं असतं, उंचही चढायचं असतं. म्हणजे एका फेरीला वेळ जास्त. मी धंद्यात नवा होतो तेव्हा एका जहाजावर हजार-बाराशे कंटेनर चढले-उतरले तर मोठं काम समजायचे. तीन क्रेन, तासाला प्रत्येकी पंचवीस, म्हणजे सोळा तासांत जहाज मोकळं. आता बारा-चौदा हजार टीईयूचं जहाज न्हावा शेव्यात लागतं आणि चार हजार मूव्ह, म्हणजे कंटेनरची चढ-उतार, करतं. पाच क्रेन चांगल्या चालल्या तरी तीस तास जातात. तेवढा वेळ तो धक्का दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

आता तुम्ही मोंढ्याच्या गावचे आहात, म्हणून मोंढ्याचंच उदाहरण देतो. सोयाबीनची रोज दोन हजार पोती आवक असेल तर हमाल, काटा, गोदाम, रस्ता सगळं त्या मापाचं असतं आणि दुपारपर्यंत मोंढा रिकामा होतो. समजा चार दिवस एकही पोतं आलं नाही आणि पाचव्या दिवशी दहा हजार पोती आली. आठवड्याची आवक तेवढीच आहे, पण त्या दिवशी ट्रॅक्टरची रांग बायपासपर्यंत जाते, काट्यावर भांडणं होतात आणि ज्याची दोनच पोती आहेत तो सगळ्यात मागे राहतो. मोठं जहाज बंदराला हेच करतं. आठवड्यात दोन लहान जहाजं यायची त्या जागी एक मोठं येतं. माल तेवढाच, पण येतो एकदम आणि जातोही एकदम. यार्डला, गेटला, करळ फाट्याच्या रस्त्याला, रेल्वेला तो लोंढा पेलावा लागतो आणि मधले दिवस यंत्रं बसून राहतात. रेल्वेचंच बघा. एका कंटेनर गाडीत ९० टीईयू मावतात. दोन हजार टीईयू रेल्वेने हलवायचे म्हटलं तर बावीस-तेवीस गाड्या लागतात, त्या एका दिवसात कुठून आणायच्या?

मागच्या वर्षीचा एक अनुभव सांगतो. वाळूजच्या एका कारखान्याचे दोन चाळीस फुटी कंटेनर जर्मनीला जायचे होते. सोमवारी स्टफिंग झालं, म्हणजे माल कंटेनरमध्ये भरला, माझ्यासमोर ई-सीलचा बोल्ट दाबून बसवला, नंबर शिपिंग बिलाशी ताडून घेतला. गाड्या रात्रीच निघाल्या आणि मंगळवारी दुपारी उरणच्या बाजूला पोचल्या. तिथे कळलं, जहाज दोन दिवस मागे पडलंय, टर्मिनलने त्या जहाजाचं गेट उघडलेलंच नाही. गाड्या पार्किंगमध्ये. बुधवार गेला. गुरुवारी दुपारी गेट उघडलं, पण तोवर उशिरा आलेली तीन मोठी जहाजं एकामागे एक लागली होती आणि तिन्हींचा माल एकाच रस्त्यावर. रात्री अकराला ड्रायव्हरचा फोन आला. गंगापूरकडचा माणूस, कधी तक्रार न करणारा. म्हणाला, "साहेब, गेट उघडलंय पण लाइन हालंना. म्होरं दोन-तीनशे गाड्या हायेत. दोन दिस झालं, गाडीखालीच स्टोव्ह पेटवून भात करून खातोय." पहिला कंटेनर कट-ऑफच्या, म्हणजे त्या जहाजाचा माल घ्यायच्या शेवटच्या वेळेच्या, आत गेला. दुसरा चाळीस मिनिटांनी चुकला. लाइनने, म्हणजे जहाज कंपनीने, तो पुढच्या आठवड्याच्या जहाजावर टाकला आणि कारखान्याला निम्मे भाग विमानाने पाठवावे लागले. विमानाचं ते बिल कारखान्याच्या मालकाने माझ्या टेबलावर ठेवलं, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. कागद बरोबर होते, गाडी वेळेत निघाली होती, कुणाचीच ठळक चूक नव्हती.

त्यातली खरी मेख "पुढच्या आठवड्याच्या" या शब्दांत आहे. पूर्वी त्याच मार्गावर आठवड्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची लहान जहाजं होती. एक चुकलं तर तीन दिवसांनी दुसरं. जहाजं मोठी झाली तशा कंपन्या ती एकत्र भरायला लागल्या, कारण एवढं पोट एकट्याने भरत नाही. म्हणून युती आल्या. आज फेब्रुवारी २०२५ पासून मर्स्क आणि हापाग-लॉइड यांची जेमिनी आहे, ओशन अलायन्स आहे, प्रीमियर अलायन्स आहे. २०१६ मध्ये कोरियाची हानजिन बुडाली, त्यानंतर तीन जपानी कंपन्या एक झाल्या, मर्स्कने हाम्बुर्ग झूड घेतली, कॉस्कोने ओओसीएल घेतली. जगातली चार पंचमांशाहून जास्त कंटेनर क्षमता आज दहा कंपन्यांकडे आहे. म्हणजे तुम्ही चार जणांकडून दर मागवता, पण अनेकदा चौघांचे कंटेनर एकाच जहाजावर जाणार असतात. ते जहाज भरलं किंवा ती फेरीच कंपनीने रद्द केली, ज्याला आम्ही ब्लँक सेलिंग म्हणतो, तर चारही दारं एकदम बंद होतात.

आणि रोल ओव्हरमध्ये आधी कोण पडतं? वर्षाला हजार कंटेनरचा करार असलेला नाही. महिन्याला दोन-तीनवाला पडतो. लाइन जागेपेक्षा जास्त बुकिंग घेते, कारण ऐनवेळी काही जण येत नाहीत हे तिला माहीत असतं. सगळेच आले की कुणाला तरी उतरवावं लागतं. तुम्हाला दोनदा उतरवलं ते तुमचे कागद वाईट होते म्हणून नाही, तुमचा आकडा लहान आहे म्हणून.

आता भाड्याबद्दल. मोठ्या जहाजाने खर्च कमी होतो हे खरं आहे. जहाज मोठं होतं तेव्हा पोट घनात वाढतं आणि पत्रा व पाण्याचा विरोध त्यामानाने कमी वाढतो. चोवीस हजारांच्या जहाजावरही पंचवीसेक माणसंच काम करतात. पण ही बचत होते समुद्रात, भरलेलं जहाज दूरवर चालत असताना, आणि ती आधी कंपनीच्या खिशात जाते. २०१५ मध्ये ओईसीडीच्या आंतरराष्ट्रीय वाहतूक मंचाने याचा अभ्यास केला. त्यात निघालं की नव्या महाकाय जहाजांच्या बचतीतला निम्म्याहून जास्त वाटा आकाराचा नव्हताच, तो संथ वेगासाठी बनवलेल्या नव्या इंजिनांचा होता. आणि आकार जसजसा वाढतो तसतशी पुढची बचत आटत जाते. बंदर खोल करायचं, क्रेन बदलायच्या, यार्ड वाढवायचं हा खर्च मात्र किनाऱ्यावर पडतो आणि शेवटी टीएचसीच्या (टर्मिनलच्या हाताळणी शुल्काच्या), हॉल्टिंगच्या, वाढीव साठ्याच्या रूपाने तुमच्या-माझ्याकडे येतो. भाडं ठरतं ते जागा किती आणि माल किती यावर. २०२१ मध्ये जगात इतिहासातली सगळ्यात मोठी जहाजं होती आणि भाडंही इतिहासातलं सगळ्यात जास्त होतं. २०२३ मध्ये तीच जहाजं होती, भाडं कोसळलेलं होतं. मग नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, युरोपचा प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला आणि भाडं पुन्हा चढलं. यात आकाराचा हात कुठे दिसतो?

इरिनासारखं जहाज आपला माल घ्यायला येत नाही, हेही सांगायला हवं. ते आशिया-युरोप मार्गासाठी आहे. विझिंजमला किनाऱ्याजवळच अठरा-वीस मीटर खोली आहे, म्हणून तिथे ते कंटेनरची अदलाबदल करतं आणि लहान फीडर जहाजं तो माल इतर बंदरांत नेतात. आपल्यासारख्यांना भेटतात ती उतरंडीवरून खाली आलेली जहाजं. चोवीस हजारवालं आशिया-युरोपवर गेलं की तिथलं चौदा हजारवालं भारताच्या, आफ्रिकेच्या, दक्षिण अमेरिकेच्या मार्गावर सरकतं आणि इथलं सहा हजारवालं आणखी लहान मार्गावर. आपला व्यापार अचानक दुप्पट झाला म्हणून न्हावा शेव्याला मोठी जहाजं आली, असं फार थोड्या वेळा झालंय. बहुतेक वेळा वरून ढकललं म्हणून ती आली.

न्हावा शेवा २६ मे १९८९ ला सुरू झालं तेव्हा कुणी चौदा हजार टीईयूचा विचार केलेला नव्हता. मुंबईच्या खाडीचा तळ गाळाचा. तिथे खोली निसर्गाने दिलेली नाही, ती खणून मिळवायची आणि दरवर्षी गाळ काढून टिकवायची. टप्प्याटप्प्याने चॅनल पंधरा मीटरपर्यंत नेलं. तरीही खूप भरलेलं जहाज भरतीची वेळ बघूनच आत-बाहेर करतं. भरती चुकली की पुढच्या भरतीपर्यंत थांबा, आणि मागच्या जहाजाचंही वेळापत्रक सरकतं. २०१८ मध्ये चौथं टर्मिनल सुरू झालं, २०२५ मध्ये त्याचा दुसरा टप्पा आला आणि तिथला धक्का सलग दोन किलोमीटरचा झाला. त्याचा उपयोग मला दिसतो. २०२४-२५ मध्ये या बंदराने ७३ लाख टीईयू हाताळले, आदल्या वर्षी ते ६४ लाख होते. एवढी वाढ पेलली, याचं श्रेय तिथल्या लोकांना द्यायलाच हवं. पण वर्षाची बेरीज चांगली असली तरी तुमची गाडी अडकते ती एका रात्रीच्या गर्दीत.

आयातीची बाजू जालन्याला तुम्ही रोज बघता. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांना लागणारं परदेशी भंगार वीस फुटी कंटेनरमधून येतं, एकेकात पंचवीस टनांच्या आसपास. एका ओळखीच्या कारखान्यात पूर्वी वीस कंटेनरची खेप दोन-तीन जहाजांतून विभागून यायची. आता वीसच्या वीस एकाच जहाजातून उतरतात. फ्री डेज, म्हणजे बिनभाड्याचे दिवस, सगळ्यांचे एकाच दिवशी सुरू होतात. गाड्या तेवढ्या मिळत नाहीत, मिळाल्या तर काट्यावर रांग लागते आणि रिकामे कंटेनर वेळेत परत गेले नाहीत म्हणून डिटेन्शन, म्हणजे कंटेनर ठेवून घेतल्याचा आकार, लागतं. मी त्यांना सुचवलं की रिकामा झालेला कंटेनर तसाच न्हावा शेव्याला पाठवण्याऐवजी, लाइनची परवानगी घेऊन, जालन्याच्याच निर्यातदाराला भरायला द्या. सहा महिने पत्रव्यवहार केला तेव्हा एका लाइनने होकार दिला. आता महिन्याला काही कंटेनर असे फिरतात आणि दोघांचंही एका बाजूचं भाडं वाचतं. तुमचा माल जड आहे, वीस फुटीत बसणारा आहे. तुमच्याच वसाहतीत चौकशी करा, हे तुम्हाला जमण्यासारखं आहे.

मोकळ्या मालाच्या जहाजांचं थोडक्यात सांगतो, कारण खताच्या रॅकची वाट आपल्या सगळ्या जिल्ह्यांत बघतात. पन्नास-पंचावन्न हजार टनांचं जहाज पश्चिम किनाऱ्याला लागलं की त्याचे वीसेक रॅक होतात, कारण एका रॅकमध्ये साधारण सव्वीसशे टन जातं. तिथेही अडचण हीच. जहाज एक, रॅक वीस. परभणीला किंवा लातूरला रॅक उशिरा लागतो तेव्हा जहाज बऱ्याचदा आलेलं असतं, अडलेलं असतं ते वाघिणींसाठी. जगात लोहखनिजाची चार लाख टनांची जहाजं चालतात, पण आपल्या खताच्या मार्गावर तसलं जहाज कुणी आणत नाही. उतरवायचं कुठे आणि भरायचं कशात, हे आधी ठरतं.

आकार असाच वाढत राहील का? मला तसं वाटत नाही, आणि याला तेलवाहू जहाजांचा इतिहास आहे. १९६७ ते १९७५ सुएझ बंद होता. आफ्रिकेला वळसा घालायचाच आहे तर जहाज जमेल तेवढं मोठं करा, असा विचार झाला. त्या लाटेच्या शेवटी 'सीवाइज जायंट' तयार झालं, ४५८ मीटर लांब, साडेपाच लाख टनांच्या वर भारक्षमता. जगातलं आजवरचं सगळ्यात लांब जहाज. तोवर तेलाचा बाजार बदलला होता, एवढ्या मोठ्या जहाजाला लागायला बंदरं नव्हती, आणि तेलवाहू जहाजं पुन्हा तीन लाख टनांच्या आसपास आली. ते प्रचंड जहाज २००९ च्या शेवटी गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर चढवलं आणि तोडलं. कंटेनर जहाजांचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण चारशे मीटरची लांबी वर्षानुवर्षं हललेली नाही, सुएझमध्ये मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' आडवं होऊन सहा दिवस रस्ता अडला हे सगळ्यांनी पाहिलंय, आणि आता कंपन्या मिथेनॉल-एलएनजीवर चालणारी मधल्या आकाराची जहाजं मोठ्या प्रमाणात घेतायत. २०२४ मध्ये मिथेनॉलवर चालणारं सोळा हजार टीईयूचं 'आने मर्स्क' आलं. भारताच्या मार्गावर मात्र सरासरी आकार अजून वाढेल, कारण उतरंडीवरून ढकलणं थांबलेलं नाही. तुमचं-माझं आयुष्य त्यातच जायचंय.

एव्हर गिव्हनवरून आठवलं. अडकलेलं जहाज सुटल्यावर मालकाने जनरल अॅव्हरेज जाहीर केलं. म्हणजे जहाज वाचवायला आलेला खर्च त्या जहाजावरच्या प्रत्येक मालाच्या मालकाने आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून द्यायचा. तुमचा कंटेनर अगदी धडधाकट असला तरी हमी दिल्याशिवाय तो सुटत नाही. जहाज जेवढं मोठं तेवढे जास्त लोक एका अपघातात गुंततात. आपल्याकडे लहान निर्यातदार खरेदीदाराच्या भरवशावर विमा टाळतात. कृपा करून टाळू नका. समुद्र विमा घ्या, आणि त्यात जनरल अॅव्हरेज येतं का ते पॉलिसी हातात घेऊन वाचा. लहान जहाजालाही धोका असतोच. मे २०२५ मध्ये कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडालं, त्यावर ६४० कंटेनर होते.

आता वाढवण. ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली, खर्च ७६ हजार कोटींच्या वर आहे. डहाणूजवळ नैसर्गिक खोली वीस मीटरच्या आसपास, म्हणजे जगातलं कुठलंही कंटेनर जहाज भरतीची वाट न बघता लागू शकेल. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध आहे आणि त्यांचं म्हणणं पोटाचं आहे, ते ऐकूनच पुढे जायला हवं. आपल्यापुरतं बोलायचं तर सगळ्यात मोठं जहाज आल्याने मला फारसा आनंद होणार नाही. आनंद होईल तो धक्के वाढल्याने. न्हावा शेवा आणि वाढवण मिळून आठवड्यात एकाच देशाला दोन-तीन थेट फेऱ्या झाल्या तर तुमचा चुकलेला कंटेनर सात दिवस बसणार नाही. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. इगतपुरीजवळ भरवीरहून वाढवणकडे रस्ता मंजूर आहे. रस्त्याचा वेळ आजच इतका कमी झालाय की आमच्या गाड्या कसारा घाटात रात्र काढत नाहीत. पण रस्त्यावर वाचलेले पाच तास गेटवर दोन दिवसांत जाणार असतील तर त्या वाचण्याला काय अर्थ?

म्हणून जालन्याच्या ड्राय पोर्टकडे, म्हणजे समुद्रापासून आत कस्टमसह होणाऱ्या कंटेनर तळाकडे, मी जास्त आशेने बघतो. २५ डिसेंबर २०१५ ला त्याची पायाभरणी झाली तेव्हा मी कार्यक्रमाला गेलो होतो. दहा वर्षं उलटली. ते पूर्ण ताकदीने चालावं ही माझी मनापासून इच्छा आहे, कारण लोंढ्यावर उपाय धरण आहे. माल जालन्यात कस्टम होऊन उभा राहावा, गेट उघडल्याचा निरोप आला की तिथून सुटावा आणि ठरलेल्या गाडीने थेट टर्मिनलच्या आत जावा. आज माळीवाड्याच्या कंटेनर डेपोचा आम्ही थोडाफार असा उपयोग करतो. पण मनमाडपर्यंतचा रेल्वेमार्ग अजून पूर्ण दुहेरी झालेला नाही आणि आपल्या गाडीला टर्मिनलवर ठरावीक वेळ मिळाल्याशिवाय ड्राय पोर्ट नुसतं मोठं पार्किंग होईल. उद्योजक संघटनांनी जागेच्या आणि उद्घाटनाच्या मागण्यांपेक्षा ही एक मागणी लावून धरावी, असं मी प्रत्येक बैठकीत सांगतो.

तुमच्या पुढच्या बुकिंगचं बोलू. दर विचारण्याआधी जहाजाचं नाव विचारा. ते थेट जातं की कोलंबो, सलाला किंवा जेबेल अलीला माल बदलतं ते विचारा, कारण माल बदलतो तिथे पुन्हा एकदा मोठ्या जहाजाची वाट बघणं आलं. मोंबासाला जाणारा माल शक्य असेल तर लहान पण थेट सेवेने पाठवा. कंटेनरमागे थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. मी स्वतः माझ्या आफ्रिकेच्या ग्राहकांना गेली दोन वर्षं हेच सांगतो आणि त्यांचे रोल ओव्हर कमी झालेत. तुमच्या महिन्याच्या तीन कंटेनरपैकी दोन एका लाइनकडे आणि एक दुसऱ्या युतीतल्या लाइनकडे ठेवा. एकाच युतीतल्या दोन लाइन घेतल्या तर काही उपयोग नाही.

आणि स्टफिंगची तारीख कट-ऑफवरून मागे मोजून ठरवू नका. जहाज आधीच्या बंदरातून, म्हणजे मुंद्र्यातून किंवा कोलंबोतून, सुटलं का ते आधी बघा. मोबाइलवर जहाजाची जागा दिसते, नाव टाकलं की झालं. सुटलं असेल तरच सील लावा. सुटलं नसेल तर माल कारखान्यातच राहू द्या. तिथे तुमच्या छपराखाली त्याला हॉल्टिंग लागत नाही आणि ड्रायव्हरही घरी जेवतो. जर्मनीच्या त्या दोन कंटेनरच्या वेळी मी सोमवारी सकाळी दोन मिनिटं काढून हे बघितलं असतं, तर जहाज अजून मुंद्र्याच्या बाहेर नांगर टाकून उभं आहे हे मला स्टफिंगच्या आधीच दिसलं असतं. तेव्हापासून आमच्या ऑफिसात सील वापरायला देण्याआधी जहाजाचं ठिकाण रजिस्टरमध्ये वेळेसह लिहावं लागतं, मी स्वतः गेलो तरी.